मुक्या यक्षाचा मुखवटा

टप्.

एवढाच आवाज झाला. मांजराची शेपटी लागून खुंटीवरचा करवंटीचा डाव खाली पडला. दुपार होती. म्हातारा ओडिरिस पडवीत डुलक्या घेत होता, चूल विझत आली होती आणि त्या घरात बराच वेळ कुणी काही बोलले नव्हते. त्या आवाजाने मी जागा झालो. निदान मी तरी असेच म्हणतो. लाकडाला झोप नसते, पण पाहणारे कुणी नसले की आमच्या जागेपणाला काही अर्थ राहत नाही.

मला चुलीवरच्या माळ्यावर शोधा, मित्रांनो. धुराने काळवंडलेला, बटबटीत डोळ्यांचा, पुढे आलेल्या दातांचा आणि एका बाजूला ओढलेल्या तोंडाचा तो मी. मुक्या यक्षाचा मुखवटा. घाबरू नका, मी चावत नाही. आम्ही अठरा भावंडे. अठरा आजारांचे अठरा यक्ष, आमच्या सिंहली गावांत आम्हाला सन्निया म्हणतात. एक लंगडा, एक आंधळा, एक तापाने कुडकुडणारा, एक सारखा ओकणारा. ज्या घरात आजार हटत नाही त्या घरी आम्हाला नेतात, माणसे आम्हाला तोंडावर बांधून नाचतात, आमची यथेच्छ टिंगल होते, आम्हाला जेवायला वाढले जाते, आणि मग "जा आता" म्हणून सांगतात. आम्ही जातो. आजारानेही आमच्या पाठोपाठ जावे, अशी सगळ्यांची आशा असते.

माझा जन्म मादू नदीच्या काठच्या एका सातविणीतून झाला. ओडिरिसने झाड तोडण्याआधी तीन संध्याकाळी त्याच्या बुंध्याशी दिवा लावला आणि मोठ्याने सांगितले, "या झाडात कुणी राहत असेल तर त्यांनी कृपा करून बिऱ्हाड हलवावं. पलीकडे चिंच आहे, ऐसपैस आहे." चिंचेत कुणी गेले की नाही ते मला ठाऊक नाही. मला मात्र ओडिरिसने घरी आणले, सात दिवस याच माळ्यावर धुरात वाळवले आणि मग मांडीवर घेऊन कोरायला बसला. त्याची बायको पिंची तेव्हा होती. ती भात निवडता निवडता म्हणायची, "अहो, पोरांना कधी एवढा वेळ मांडीवर घेतलं नाहीत." तो हसायचा. पाकट माशाच्या खरखरीत कातड्याने त्याने माझे गाल घासले. हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा लाल, दिव्याच्या काजळीचा काळा असे रंग मला चढले आणि वरून राळेचा हात फिरला.

तुम्ही मुखवटा नेहमी समोरून पाहता. पाठीमागून पाहिलात तर तिथे दोन भोके आणि घामाचा एक डाग दिसेल, बाकी काही नाही. पण माझे खरे आयुष्य त्याच बाजूला गेले. समोरच्या बाजूने मी लोकांना भिववले आणि हसवले. पाठीमागच्या बाजूने मी एका माणसाचा चेहरा ओळखला. त्याचा सुपारीचा वास, नाचून नाचून फुललेला श्वास, कपाळाची ऊब. इतक्या जवळून तर आईच बाळाला ओळखत असेल.

ओडिरिसने मला तीस वर्षे तोंडावर बांधले. भूत उतरवणारा म्हणून अख्खा किनारा त्याला गुरुन्नान्से म्हणायचा. मुका आला की बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. पोरे दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर माझी नक्कल करत "ब्बॅ ब्बॅ" करत जायची. एकदा तर एक आजारी म्हातारा मला पाहून इतका हसला की त्याची कवळी मखरात जाऊन पडली. ती शोधायला सगळे यक्ष आणि ढोलकरी ओणवे झाले.

मग दिवस पालटले. एका घरासाठी सगळ्या गावाने रात्र जागवायची, एवढी सवड कुणाला राहिली नाही. किनाऱ्याच्या रस्त्यावर दुकाने झाली आणि तिथे माझे चकचकीत, कधीच घाम न पाहिलेले भाऊबंद टांगले गेले. आमच्या पेटीत कसर लागली. ओकणाऱ्याचे नाक गेले, आंधळा पलित्याने जळाला. अठरांतले धड असे आम्ही सातच उरलो. पिंची वारली आणि ओडिरिसने नाच सोडला. लोकांना त्याने कारण सांगितले ते गुडघ्यांचे. मला त्याने या माळ्यावर ठेवून दिले. त्याला आठ वर्षे झाली.

तर त्या दुपारी डाव पडला, ओडिरिस खडबडून उठला आणि बाहेर पाहतो तो दारात तिघी जणी उभ्या. एक तरुण बाई, एक म्हातारी आणि त्यांच्या मधोमध, झग्याचे टोक दातात धरून, पाच वर्षांची एक मुलगी.

"बसा. आधी चहा," ओडिरिस म्हणाला. त्याने प्रत्येकीच्या तळव्यावर गुळाचा एकेक खडा ठेवला आणि कोरा चहा दिला. मग मुलीकडे वाकून विचारले, "नाव काय गं तुझं?"

"निल्मिणी," म्हातारी म्हणाली.

"मी तिला विचारलं, एंगोनोना. तुझं नाव मला पन्नास वर्षं ठाऊक आहे."

"ती सांगती तर इथवर पाय तुडवत कशाला आलो असतो, गुरुन्नान्से?"

मुलीने गुळाचा खडा गालात ठेवला आणि नुसतेच पाहिले.

तरुण बाईचे नाव यसवती. मुलीची आई. म्हातारी तिची सासू, निल्मिणीची आच्ची. यसवतीचा नवरा माडी काढायचा. माडामाडांना बांधलेल्या दोरांवरून तो या शेंड्यावरून त्या शेंड्यावर चालत जायचा आणि निल्मिणी खाली उभी राहून "अप्पच्चीऽऽ" अशी हाक द्यायची. बापाने वरून "ओऽऽ" दिल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. पावसाळ्यात त्याला ताप भरला. नऊ दिवसांत माणूस गेला.

"त्यानंतरही ती झाडाखाली जाऊन हाका मारायची," यसवती सांगत होती. "पाच दिवस मारल्या. आणि सहाव्या संध्याकाळपासून एक शब्द नाही. तीन महिने होत आले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कान बघितले, घसा बघितला. सगळं ठीक आहे, धीर धरा म्हणाल्या. विहारातल्या भन्तेंनी मंतरलेला दोरा बांधला. हा बघा, अजून आहे. पण जानेवारीत शाळा आहे. मोठे गुरुजी म्हणतात, पोर बोललीच नाही तर इथं घेता येणार नाही. लांब कुठंतरी मुक्या मुलांची शाळा आहे, तिथंच राहायला पाठवा."

"पाच वर्षांचं लेकरू," म्हातारी पुटपुटली आणि पानाची चंची उघडून त्यात काहीतरी शोधत राहिली.

यसवतीचा आवाज एकदम बारीक झाला. "गुरुन्नान्से, मला तिचा आवाज आठवेनासा झालाय. परवा कामात असताना आठवून बघत होते, तर शेजारच्या पोरीचा आठवला."

ओडिरिसने वर माळ्याकडे पाहिले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

त्याचा धाकटा भाऊ कारोलिस ढोल वाजवतो आणि थोरल्याला अय्या म्हणतो. तो संध्याकाळी आला आणि बेत ऐकून कपाळाला हात लावून बसला. "अय्या, चुलीपासून दारापर्यंत तू भिंत धरून जातोस. आणि नाचणार?"

"मुक्याला बोलायचं नसतं. या मुक्याला नाचायचंही नाही, असं समज."

"आणि पडलास म्हणजे?"

"तर तू ढोल जोरात वाजव. लोकांना वाटेल तसंच असतं."

त्याने मला खाली काढले. ओल्या फडक्याने पुसले, आतून आधी आणि मग बाहेरून. रंग उडालेल्या ओठांवर हिंगूळ लावला. मी किती वर्षे वाट पाहिली होती या हाताची, ते कुणाला सांगू?

आत्मवृत्ताच्या शेवटी आपल्याला नीट जपा असे सांगायची रीत आहे, मित्रांनो. मी ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला मला सवड मिळणार नाही. तुमच्या घरात एखादी जुनी, वेडीवाकडी वस्तू असेल तर ती टाकून देण्याआधी एकदा पाठीमागून पाहा. आतल्या बाजूला कुणाचा तरी घाम असतो. आणि वस्तूंचे जे, तेच गप्प बसलेल्या माणसांचे. यापेक्षा जास्त शहाणपण लाकडात मावत नाही.

तो दिवस आला. यसवतीच्या अंगणात, त्याच माडांच्या खाली, कोवळ्या झावळ्यांचे मखर उभे राहिले. शेजाऱ्यांनी फुले आणली, लाह्या आणल्या, केळीची पाने आणली. रात्रभर मंत्र झाले, ढोल झाला, पण त्यातले मी काही सांगत नाही, कारण आम्ही सन्निया तेव्हा पेटीत असतो. आमची पाळी येते ती उजाडता उजाडता, कावळे बोलू लागले की. लोक तेव्हा अर्धे झोपेत असतात. चहाची दुसरी फेरी फिरत असते आणि माणसाला हसू लवकर फुटते.

निल्मिणी आईच्या मांडीवर चटईवर बसली होती. पांढरा झगा, केसांत एक फूल, डोळ्यांत झोप. तापाचा यक्ष आला, थडथड कापत त्याने एंगोनोनाची शाल पळवली आणि अंगण हसून लोळले. निल्मिणी हसली नाही. लंगडा आला, शेजाऱ्याची काठी घेऊन पळाला. ती हसली नाही. यसवती प्रत्येक वेळी लोकांकडे न पाहता मान वाकवून लेकीच्या ओठांकडे पाहायची.

मग ओडिरिसने मला तोंडावर बांधले. तोच वास, तीच ऊब. फक्त श्वास पूर्वीपेक्षा जड.

कारोलिसने ढोलावर थाप मारली. "कोण रे तू?"

"ब्बॅ."

"कुठून आलास?"

"ब्बॅ ब्बॅ."

"बालपिटियाहून? मग बस का नाही पकडलीस, पाय बघ केवढे सुजलेत!"

अंगण हसले.

"आमच्या गावात यायला यक्षांच्या वेसमुणी राजाची परवानगी लागते. आहे का जवळ?"

ओडिरिसने कमरेतून एक वाळके विड्याचे पान काढले आणि ऐटीत कागदासारखे समोर धरले.

"अरे, उलटी धरलीस!"

ओडिरिसने पान तसेच ठेवले आणि स्वतः पाठमोरा झाला. पुन्हा हसू.

"बरं, काय हवंय तुला?"

ओडिरिसने पोटावर हात फिरवला, घास तोंडाकडे नेला.

"काय? लग्न करायचंय? आणि कुणाशी? या एंगोनोनाशी?"

"मेल्या कारोलिस," म्हातारी चटईवरून ओरडली, "तुझ्या ढोलाचं चामडं फाटो! आधी स्वतःच्या बायकोला लुगडं घे!"

कारोलिसने हसू ओसरू दिले. मग आवाज चढवला, कारण आता खरा भाग येणार होता. यक्षाकडून कबुली घ्यायची आणि त्याला जायला लावायचे. "ऐक रे मुक्या! या घरात एक पोरगी आहे. तिचा आवाज तू नेलास का?"

इथे ओडिरिसने आधी नाही म्हणायचे असते, मग ढोल घुमतो, मग तो उड्या मारत मखराला तीन फेऱ्या घालतो आणि हो म्हणतो. तीस वर्षे असेच होत आले होते. पण त्या दिवशी पहिल्याच उडीला त्याचे गुडघे गेले. तो खाली बसला. बसला तो बरोबर निल्मिणीसमोर, हातभर अंतरावर. उठायला पाहतो तर उठवेना.

"बोल! नेलास की नाही?" कारोलिसने ठरल्याप्रमाणे ढोल जोरात केला.

माझी दोरी सैल झाली होती. मी घसरत होतो. ओडिरिसला धाप लागली होती आणि ती कुणाला दिसू नये म्हणून, आणि मला सावरावे म्हणून, त्याने हात उचलला आणि माझ्या लाकडी तोंडावर घट्ट दाबून धरला.

निल्मिणीने ते पाहिले.

ती आईच्या मांडीवरून पुढे सरकली. आधी माझ्या डोळ्यांत पाहिले, मग त्या हाताकडे. मग मान तिरकी करून माझ्या कानाशी आली. तिच्या श्वासाला गुळाचा वास होता.

"तुझंही कोणी गेलंय का?" ती म्हणाली.

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा. ढोलाच्या गदारोळात तो तिघांनीच ऐकला. मी, ओडिरिस आणि यसवती. यसवतीचा हात हवेत उचलला गेला तो तिथेच राहिला. तिने लेकीला ओढून घेतले नाही, हाक मारली नाही, श्वासही घेतला नसावा.

मुक्याने बोलायचे नसते. ओडिरिसने हळूच मान हलवली. हो. आणि तो खोटे सांगत नव्हता. आतल्या बाजूला काहीतरी ओले झाले होते आणि तो घाम नव्हता, एवढे मला कळत होते.

निल्मिणीने समजुतीने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "मग असाच गप्प बस हां. हाक नाही मारायची. हाक मारली की त्यांचा पाय अडकतो. ते मागे वळून बघतात, मग पुढं जाताच येत नाही, आणि भूत होतात. आच्चीनं सांगितलंय." ती आणखी जवळ आली. "आणि दुसरं काहीसुद्धा बोलायचं नाही. बोलता बोलता चुकून हाक निघते. माझी एकदा निघणार होती."

ढोल थांबला होता. कधी थांबला ते कुणाला कळलेच नाही. शेवटची वाक्ये साऱ्या अंगणाने ऐकली.

एंगोनोनाच्या तोंडातले पान गळून पदरावर पडले. "अगं माझ्या बाई," ती म्हणाली. "सहाव्या संध्याकाळी याच माडाखाली त्याच्यासाठी ताट ठेवलं होतं. सुकट, भात, माडीचा पेला. दुसऱ्या दिवशी भन्ते जेवले की त्यानं मोकळं व्हायचं, पुढं जायचं. आणि ही उभी राहून हाका मारायला लागली. मीच हिचं तोंड दाबलं. हाक मारू नको म्हटलं, पाय अडकेल त्याचा." ती गुडघ्यांवरच पुढे सरकत आली. "पोरी, मी हाक मारू नको म्हणाले होते. बोलू नको नव्हतं गं म्हणाले!"

आजीच्या रडण्याने निल्मिणी दचकली. तिने सगळीकडे पाहिले. आपण बोललो, हे तिच्या ध्यानात आले. दोन्ही हात झटकन तोंडावर गेले. डोळे मोठे झाले आणि वर, माडांच्या शेंड्यांकडे वळले. तिथे रिकामे दोर सकाळच्या वाऱ्यात हलत होते.

ओडिरिसचा हात अजून माझ्या तोंडावर होता, तिचे हात तिच्या. आम्ही दोघे मुके एकमेकांसमोर बसलो होतो.

यसवतीने लेकीचे मनगट हळूच धरले आणि एकेक बोट सोडवत तो हात खाली आणला. "बोल," ती म्हणाली. "बोल गं माझ्या राणी. काही होत नाही. बोल."

निल्मिणीने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिले. मोठी माणसे खरे बोलताहेत की नुसती समजूत घालताहेत, हे मुले जसे पाहतात तसे. मग ती आईच्या अगदी गळ्याशी आली.

"अम्मे," तिने विचारले, "मी इतके दिवस एकदासुद्धा हाक नाही मारली. मग आता पोचले ना अप्पच्ची?"